‘सातबारा क्लिअर आहे’ म्हणजे नेमकं काय? जमिनीचे रेकॉर्ड कुठं शोधायचे आणि कसे वाचायचे?

‘गावालगत २० गुंठे. डांबरी रस्ता टच. सातबारा क्लिअर. इच्छुकांनी संपर्क करावा.’

असे मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येत असतील.

समजा, तुम्हाला ही जमीन आवडली. तुम्ही मोबाईलवर सातबारा उघडला. विकणाऱ्याचं नाव जुळलं, बँकेचा बोजाही दिसला नाही. तुम्ही इसार दिला, खरेदीखत केलं. मग तुमचं नाव लावण्यासाठी फेरफार निघाला आणि विकणाऱ्याच्या आत्याच्या मुलांनी हरकत घेतली. ‘ही जमीन आमच्या आजोबांची. आमची आईसुद्धा वारस होती, पण तिचं नाव कधी लागलंच नाही,’ असं त्यांचं म्हणणं.

इथून पुढचा रस्ता मंडळ अधिकारी, प्रांत आणि दिवाणी न्यायालय असा जातो. त्यात किती वर्षं जातील, हे कोणीच सांगू शकत नाही.

आत्याचं नाव कुठं गळालं, हे जुन्या फेरफारात लिहिलेलं होतं. तो कागद सरकारी दप्तरातच होता आणि थोडी फी भरून मिळाला असता. पण तो कोणी पाहिला नाही, कारण सगळ्यांनी फक्त सातबारा पाहिला होता.

त्यामुळे जमिनीचे कोणते रेकॉर्ड बघायचे, ते कुठं मिळतात आणि त्यातून काय कळतं, हे समजून घेऊया.

सातबारा मालकीचा पुरावा आहे का?

सातबारा हा महसुली कागद आहे. गावपातळीवर जमिनीच्या नोंदींसाठी १ ते २१ असे गाव नमुने असतात. त्यातला गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन्ही मिळून झाला सातबारा.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार, अधिकार अभिलेखातली नोंद तिच्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सातबाऱ्याला वजन आहे. पण ती मालकीवरची शेवटची मोहोर नाही.

महसुली दप्तरात नाव लागल्यानं मालकी निर्माण होत नाही आणि नाव कमी झाल्यानं ती संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या एका निकालात स्पष्ट केलं. त्यानंतरच्या निकालांतही हीच भूमिका कायम राहिली.

मग नोंदणीकृत खरेदीखत झालं म्हणजे विषय संपला का? तसंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, विकणाऱ्याकडे मालकी आहे की नाही, हे तपासणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. म्हणजे दस्त नोंदवला गेला याचा अर्थ सरकारनं मालकी तपासली, असा होत नाही.

थोडक्यात, ही तपासणी खरेदीदारालाच करावी लागते.

रेकॉर्ड तीन ठिकाणी का असतात?

अनेकांचा गोंधळ इथंच होतो. एकाच जमिनीची माहिती तीन वेगवेगळ्या कार्यालयांकडे असते.

पहिलं, महसूल खातं. म्हणजे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी आणि तहसीलदार. यांच्याकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार असतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे इथं कळतं.

दुसरं, भूमी अभिलेख विभाग. जमिनीचा नकाशा, मोजणी आणि गावठाण व शहरांतली मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, हे यांचं काम. जमीन कुठं आणि किती आहे, हे इथं कळतं.

तिसरं, नोंदणी व मुद्रांक विभाग. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले जातात. जमिनीबाबत कोणी कोणाला काय लिहून दिलंय, हे इथं कळतं.

तिन्हीकडची माहिती एकमेकांशी जुळली, तरच ‘क्लिअर’ या शब्दाला काही अर्थ आहे.

पायरी १: सातबारा आणि आठ-अ

महाभूमीच्या ‘भूलेख’ संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकानं किंवा खातेदाराच्या नावानं सातबारा मोफत पाहता येतो. मात्र हा उतारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी तो चालत नाही.

कामासाठी हवा असेल, तर ‘डिजिटल सातबारा’ संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा डाउनलोड करता येतो. त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून तो खरा आहे की नाही, हे तपासता येतं. विकणाऱ्यानं किंवा एजंटनं पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. उतारा स्वतः काढा.

सातबारा हातात आल्यावर पुढच्या गोष्टी बघा.

भूधारणा पद्धती: भोगवटादार वर्ग १ असेल, तर सर्वसाधारणपणे विक्रीसाठी सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण करता येत नाही. इनाम, वतन किंवा सरकारनं दिलेल्या जमिनी अनेकदा या वर्गात असतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची असेल, तर त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, मग वर्ग कोणताही असो.

खातेदाराच्या नावापुढची अक्षरं: ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं असलं, तरी जमीन सगळ्या कुटुंबाची आहे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात खातेदार अल्पवयीन आहे किंवा नोंद झाली तेव्हा होता. अल्पवयीन मुलाची मिळकत विकण्यासाठी पालकालाही सहसा न्यायालयाची परवानगी लागते.

इतर हक्क: बँक किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे शेरे या रकान्यात असतात. लोक ‘कोरा सातबारा’ म्हणतात तो या रकान्यात बोजा नसलेला. पण बोजा नसणं आणि वाद नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रलंबित फेरफार: सातबाऱ्याचा नमुना २०२० मध्ये बदलण्यात आला. निर्णय न झालेला एखादा फेरफार असेल, तर तो आता वेगळा दाखवला जातो. तिथं काही दिसलं, तर तो निकाली निघेपर्यंत पैसे देऊ नका.

क्षेत्र: सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असतं. एका हेक्टरचे १०० आर होतात आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका आरएवढाच. एकरात ४० गुंठे असतात.

आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन दिसते. विकणाऱ्याचं खातं सामाईक असेल, म्हणजे एका खात्यात अनेक नावं असतील, तर विशेष काळजी घ्या. अशा खात्यातला एकजण फार तर स्वतःचा हिस्सा विकू शकतो. रस्त्याकडेचा तुकडा माझाच, असं वाटणी झाल्याशिवाय त्याला म्हणता येत नाही.

पायरी २: फेरफार मागे मागे वाचत जा

आज कोणाचं नाव आहे, हे सातबारा सांगतो. ते नाव तिथं कसं आलं, हे फेरफार सांगतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही.

सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. त्यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे त्या जमिनीच्या आयुष्यातली एक घटना असते. खरेदी, वारस, वाटणी, बोजा चढला, बोजा उतरला. अलीकडच्या फेरफारापासून सुरुवात करून एकेक मागे जायचं. निदान ३० वर्षं मागे जावं, असं वकील सांगतात. जमीन वडिलोपार्जित असेल, तर त्याहूनही मागे जाणं चांगलं.

वारसाचा फेरफार सगळ्यात लक्षपूर्वक वाचा. मृत खातेदाराला मुलं किती, मुली किती, पत्नी हयात होती का? सगळ्यांची नावं लागली का? नसतील, तर का नाही?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलींना वडिलांच्या हिश्श्यात वारस मानलं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. तरीही कितीतरी जुन्या फेरफारांत फक्त मुलांची नावं दिसतात. बहिणीनं हक्क सोडला असेल, तर त्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र असायला हवं. ‘बहिणींनी तोंडी सांगितलं होतं’ यावर कोणी जमीन घेऊ नये.

जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेतून ऑनलाइन देण्यात येतात. सुरुवातीला ७ जिल्ह्यांपुरती असलेली ही सेवा टप्प्याटप्प्यानं वाढवण्यात आली. तुमच्या गावाचा जुना कागद तिथं नसेल, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागतो.

इथं एक अडचण हमखास येते. जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तिथं जुन्या सर्व्हे नंबरांचे गट तयार करण्यात आले. कोणत्या सर्व्हेचा कोणता गट झाला, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या कागदांवरून कळतं. ही जोडणी झाली नाही, तर तुम्ही भलत्याच जमिनीचा इतिहास वाचत बसाल.

पायरी ३: नोंदणी कार्यालयातला शोध

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार, स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. तुम्ही त्या व्यवहारातले पक्षकार असण्याची गरज नाही. ‘तुमचा काय संबंध?’ असं विचारलं गेलं, तर हे कलम लक्षात ठेवा. मृत्युपत्रांचं मात्र वेगळं पुस्तक असतं आणि ते असं सगळ्यांसाठी खुलं नसतं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला, की त्या क्रमांकावर नोंदवलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे सगळे जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, पाहता येते. त्यात दस्ताचा प्रकार, लिहून देणारा, लिहून घेणारा, क्षेत्र, मोबदला, बाजारभाव आणि नोंदणीची तारीख असते.

हा शोध का महत्त्वाचा? कारण दस्त नोंदवल्यावर सातबाऱ्यावर नाव लागायला वेळ लागतो. मधल्या काळात सातबाऱ्यावर जुनाच मालक दिसतो. त्यानं तीच जमीन दुसऱ्याला विकली असेल किंवा साठेखत करून दिलं असेल, तर ते इंडेक्स टूमध्ये सापडू शकतं. शिवाय बँकेकडे मूळ कागद ठेवून कर्ज घेतल्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ आणि न्यायालयात दावा सुरू असल्याची ‘लिस पेंडन्स’ नोटीसही नोंदणी विभागाकडे नोंदवली जाते.

शोधताना गट क्रमांक वेगवेगळ्या पद्धतींनी टाकून बघा. ‘४५/१’, ‘४५’ आणि ‘४५/१/अ’ यांचे निकाल वेगळे येऊ शकतात. दरवर्षीचा शोध वेगळा घ्यावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकही वर्ष सोडू नका. संगणकावर नसलेल्या जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन शोध घ्यावा लागतो.

पायरी ४: कागदावरची जमीन जागेवर आहे का?

‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून जमिनीचा आकार आणि शेजारचे गट पाहता येतात. रस्ता खरंच गटाला लागून आहे, की दुसऱ्याच्या बांधावरून जातोय, याचा अंदाज इथं येतो. ‘रोड टच’ या शब्दाची पहिली परीक्षा हीच.

पण ऑनलाइन नकाशावरून हद्द ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची सरकारी मोजणी करून घ्यावी लागते. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाला ‘क’ प्रत म्हणतात. विकणाऱ्याकडे ती असेल, तर तारीख बघा. नसेल, तर खरेदीआधी मोजणीची अट घाला. शेजारच्या बांधकऱ्यांशी चहा घेत बोला. जी भांडणं कागदावर नसतात, ती बांधावर ऐकू येतात.

अजून दोन गोष्टी तपासा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सहसा घेणारा शेतकरी असावा लागतो. आणि तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या व्यवहारावर निर्बंध आहेत. २०२३ मध्ये बहुतांश जिल्ह्यांच्या ग्रामीण भागासाठी हे क्षेत्र जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असं ठरवण्यात आलं. २०२५ मध्ये सरकारनं शहरी भागातल्या लहान तुकड्यांना दिलासा देण्याचा निर्णय घेतला. म्हणून तुमची जमीन नेमकी कोणत्या क्षेत्रात येते, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या.

घर किंवा फ्लॅट असेल तर?

नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका चालते. ती भूलेख संकेतस्थळावर पाहता येते आणि डिजिटल स्वाक्षरीसह फी भरून काढता येते.

गावठाणातल्या अनेक घरांकडे वर्षानुवर्षं असा कागदच नव्हता. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोननं गावठाणांचं सर्वेक्षण करून मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं.

इथं दोन सारख्या नावांमुळे फसगत होते. गाव नमुना ८-अ हा शेतजमिनीचा खाते उतारा. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. घरपट्टी कोण भरतं, एवढंच त्यातून कळतं. घर त्याच्या मालकीचं आहे, हे त्यानं सिद्ध होत नाही.

नवीन प्रकल्पातला फ्लॅट असेल, तर ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. जमिनीच्या मालकीबाबतचा वकिलाचा अहवाल, बोजे आणि सुरू असलेले खटले यांची माहिती बिल्डरला तिथं द्यावी लागते. सोसायटीतला जुना फ्लॅट असेल, तर आधीची सगळी करारपत्रं साखळीनं तपासा आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, ते मिळकत पत्रिकेवर बघा.

कार्यालयात कागद मिळाला नाही तर?

आधी साधा नकलेचा अर्ज करा. त्यात गाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक आणि साधारण वर्ष स्पष्ट लिहा. अर्जाची पोच घ्या. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा. तरीही काम झालं नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ही तपासणी फक्त खरेदीदारांसाठी आहे का?

नाही. वरच्या उदाहरणातली आत्या आठवा. तिनं वेळीच उतारा पाहिला असता, तर तिच्या मुलांवर भांडायची वेळ आली नसती.

राज्य सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू केली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावणं, हा तिचा उद्देश. वर्षानुवर्षं आजोबांच्याच नावावर असलेल्या जमिनींसाठी ही चांगली संधी होती. पण अशा मोहिमेत यादी पटकन तयार होते आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचं नाव राहून जाऊ शकतं. त्यामुळे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांनीही आपल्या घरच्या जमिनीचा फेरफार स्वतः पाहायला हवा.

त्यासाठी ‘आपली चावडी’ ही ऑनलाइन सेवा आहे. पूर्वी फेरफाराची नोटीस फक्त गावच्या चावडीवर लागायची. आता गाव निवडलं, की सध्या सुरू असलेले फेरफार, त्यांचा प्रकार, गट क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख घरबसल्या दिसते. हरकतीसाठी सहसा १५ दिवस मिळतात. हरकत तलाठ्याकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. फेरफार मंजूर झाला असेल, तर त्याविरोधात प्रांताधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला, तर त्याचं कारण पटवून द्यावं लागतं.

शेवटी एक लक्षात ठेवा. हे सगळं तपासूनही काही गोष्टी कागदावर येत नाहीत. तोंडी वाटण्या, नोंदवलेलं नसलेलं मृत्युपत्र, नुकताच दाखल झालेला दावा. म्हणून खरेदीपूर्वी वकिलाकडून शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकिलाकडे जाताना स्वतः काढलेले उतारे आणि फेरफार सोबत न्या. काय विचारायचं, हे तेव्हा तुम्हाला नक्की माहिती असेल.

आणि पुढच्या वेळी ‘सातबारा क्लिअर’ असा मेसेज आला, तर किंमत विचारण्याआधी गट क्रमांक विचारा. तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथंच थांबा.